नळीतला मगज

वच्छलाबाईंनी मटणाची नळी ताटाच्या कडेवर आपटली, आतला मऊ मगज नातीच्या भातावर पाडला आणि जिच्या पोटी ती नात जन्मली होती तिच्याकडे पाठ ठेवून म्हणाल्या, "खा व पेमे. ह्यानं रगत वाढते. मायनं देल्लं नाही ते आजीपासून घे."

त्यांची सून, चंद्रकला, चुलीपुढे भाकरी थापत होती. हे बोलणं तिला नवं नव्हतं. गेली तीन वर्षं रविवार आला, मटण शिजलं, नळी निघाली, की त्या मगजाबरोबर हा टोमणाही निघायचा... आणि पेमी, सहा वर्षांची प्रेमलता, तो मगज बोटाने चाटताना आईकडे अशी बघायची, जणू चोरी तिनेच केली आहे. पण आज घरात पाहुणी होती, आणि पाहुणीसमोर ऐकलेला टोमणा चटका जरा जास्त देतो.

पाहुणी तरी कोण, वच्छलाबाईंची नणंद, सौंसरची पुष्पाआत्या! आपल्या मुलासाठी, वामनसाठी, ती भाचीला, वच्छलाबाईंच्या रजनीला, मागायला आली होती. आत्याच्या पोराचा मामाच्या पोरीवर पहिला हक्क, ही त्यांच्यातली जुनी रीत. वच्छलाबाईंचे मालक कवडूजी जिवंत असते तर त्यांनीच बहिणीला सांगावा धाडला असता. आता ते नव्हते, पण त्यांच्या माघारी घराची पोर घरातच जात होती, यापरतं सुख ते कोणतं! वच्छलाबाईंच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी हसू दिसत होतं.

पुष्पाआत्याने पेमीची हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं.

"डोळे लय पिवळे दिसून राह्यले वो वहिनी पोट्टीचे. आमच्या वामनच्या पाठची होती ना, ते बी अशीच. पाय दुखते, पाय दुखते म्हणून रडे बिचारी. काविळीचं झाडपाल्याचं औषध केलं, सारं केलं... गेली." एवढं बोलून आत्याने रश्श्यात भाकरी कुस्करली आणि ती जेवू लागली. दुःख जुनं झालं होतं, त्याच्यावर आता साय धरली होती.

चंद्रकलेचा भाकरीवर फिरणारा हात मात्र तिथेच थांबला. तव्यावरची भाकरी करपून धूर निघाला तेव्हा वच्छलाबाई म्हणाल्या, "ध्यान कुठं हाय तुह्यं?"

ध्यान कुठे होतं ते कसं सांगावं? ते नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या एका लांबट खोलीत जाऊन पोहोचलं होतं...

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पेमी सारखी आजारी पडायची, पांढरीफटक व्हायची, हातपाय दुखतात म्हणून आकांत करायची. इथल्या, पांढुर्ण्याच्या, डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. श्रावण, चंद्रकलेचा नवरा, स्टेशनच्या मालधक्क्यावर संत्र्यांच्या पेट्या चढवायचा. दोन माणसांचं ओझं एकट्याने उचलणारा गडी, पण सुई दिसली की त्याची नजर दाराकडे जायची. पेमीचं रक्त घेतलं, चंद्रकलेचं घेतलं, आणि त्याची पाळी आली तेव्हा "मले काय धाड भरली? मी त बैलासारखा हाय" असं म्हणून हा बहाद्दर चहा प्यायला खाली निघून गेला.

तिथल्या डॉक्टरीणबाई मात्र फार समजुतीच्या होत्या. त्यांनी चंद्रकलेला समोर बसवून विचारलं, "घरी मटण खाता ना? नळीतला मगज पाहिलाय? आपल्याही हाडांत तसाच मगज असतो, आणि रक्त तिथेच तयार होतं. तांबड्या पेशी तिथून निघतात, चार महिने अंगभर फिरतात, म्हाताऱ्या होऊन मरतात, तोवर मगजातून नव्या आलेल्या असतात." मग त्यांनी तिला सूक्ष्मदर्शक दुर्बिणीला डोळा लावायला सांगितला. चंद्रकलेला मसुरीच्या डाळीसारखे गोल गोल दाणे दिसले, आणि त्यांच्यामध्ये काही वाकलेले, टोकदार... ज्वारी कापायच्या विळ्यासारखे.

"हे पेमीचं रक्त. या विळ्यासारख्या पेशी बारीक नसांत अडकतात, म्हणून तिचे पाय दुखतात. आणि त्या चार महिने टिकत नाहीत, दोन-तीन आठवड्यांतच फुटतात. फुटल्या की डोळे पिवळे होतात. तिच्या हाडातला मगज रात्रंदिवस राबतो गं, पण खर्चाला पुरा पडत नाही. म्हणून हिमोग्लोबिन सातावर. लोहाचं टॉनिक पाजू नका, लोह तिच्या अंगात कमी नाही. या पिवळ्या गोळ्या रोज द्या, पाणी भरपूर पाजा, थंडीत जपा."

"बाई, हे माह्यापासून आलं?"

"तुझ्याकडून अर्धं आलं. तुझ्यात दोष अर्धाच आहे, तू आजारी नाहीस, कधी होणारही नाहीस. नुसतं आईकडून आलं असतं तर पेमीही तुझ्यासारखीच धडधाकट राहिली असती. दोन्हीकडून आलं की मगच मूल आजारी पडतं. बापाला वर पाठव."

बाप तोवर स्टेशनच्या वाटेला लागला होता!

घरी आल्यावर श्रावणने आईला एवढंच सांगितलं, "जांच झाली. इच्या रगतात निंगालं." आणि त्यात खोटं तरी काय होतं? ज्याचं रक्त घेतलंच नाही त्याच्या रक्तात काय निघणार? चंद्रकला पुढचं सांगायला तोंड उघडणार, तोच वच्छलाबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई, सुनेचंच निंगालं. घराण्याचं निंगालं असतं त माह्या रजनीले कोण करून घेतलं असतं?"

त्याच वेळी रजनी पेमीला कडेवर घेऊन दारातून आत आली... दुखण्याच्या दिवसांत पेमीचे पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन शेकत बसणारी, वहिनीच्या डोळ्याला डोळा लागावा म्हणून स्वतः जागणारी रजनी! तिच्याकडे बघून चंद्रकलेने उघडलेलं तोंड मिटलं. एका मुलीचा संसार उभा राहणार असेल तर एका सुनेच्या माथी बोल आला, त्यात एवढं काय... असं तिने मनाशी म्हटलं आणि ते ओझं उचललं.

ओझं उचलताना हलकं लागतं. मग वच्छलाबाईंनी पेमीला आपल्या अंथरुणात घेतलं. "तुह्या दुधानं पोट्टीचं वाटोळं झालं" हे उठता बसता सुरू झालं. श्रावण घुम्यासारखा ओसरीवर झोपू लागला, कारण दुसरं मूलही असंच झालं तर, ही धास्ती. आणि शेजारपाजारच्या बाया त्याला दुसरी करून घे म्हणून सल्ले देऊ लागल्या. चंद्रकलेने सारं गिळलं. ती गप्प राहिली ती रजनीसाठी. आणि आज तिच्या ध्यानात आलं, की तिची तीच गप्प बसण्याची माया रजनीला नेमकी कुठे नेऊन उभी करत होती.

जेवणं उरकल्यावर अंगणात भांडी घासताना रजनी राखेच्या हाताने कपाळावरची बट मागे सारत हळूच म्हणाली, "वहिनी, एक सांगू? मागच्या खेपेले वामननं मले संत्र सोलून देल्लं होतं. एक शीर ठेवली नाही त्याच्यावर, इतकं साफ."

चंद्रकलेला हसू आलं. "मंग त पक्कंच झालं म्हण."

"हसू नको ना. अन मले पोट्टी झाली त अगदी आपल्या पेमीसारखीच झाली पायजे, पाह्य."

रजनीने ते लाडाने म्हटलं होतं. पेमीचे टपोरे डोळे, पेमीचं गोड बोलणं, एवढंच तिच्या मनात होतं... पण चंद्रकलेच्या हातातून घासणी सुटली. पेमीसारखी! पावसात भिजली की ठणकणाऱ्या पायांची, सणासुदीला दवाखान्यात पडलेली, दुसरी पोरं लंगडी खेळताना उंबऱ्यावर बसून बघणारी! आत्याची एक मुलगी अशीच गेली होती, म्हणजे वामनच्या रक्तातही असण्याचा संभव होता. पेमीला बापाकडून आलं होतं, म्हणजे ते या घराण्यात होतंच, रजनीतही असू शकत होतं. बोलावं तर रजनीचं लग्न मोडेल आणि जग म्हणेल, सुनेने नणंदेवर सूड उगवला. न बोलावं तर एक दिवस रजनीही अशीच एखाद्या चुलीपुढे पाठमोरी बसून टोमणे ऐकत असेल. चंद्रकलेने भांडी धुऊन पालथी घातली तेव्हा तिचं मन ठरलं होतं, पण जीभ उचलायला दुसरी सकाळ उजाडावी लागली.

सकाळी पुष्पाआत्या सौंसरच्या गाडीसाठी पिशवी भरून तयार झाली. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दिवाळीनंतर विहारात करायचं ठरलं. वच्छलाबाई वाटीत साखर घेऊन आल्या. आत्याची चिमूट रजनीच्या ओठांना टेकली, इतक्यात चंद्रकला डोक्यावरचा पदर सावरून पुढे आली.

"आत्याबाई, थांबा. साखर देण्याअगुदर रजनीची अन वामनची रगताची जांच करून घ्या."

कोणाला काही कळेना. मग कळलं, आणि वच्छलाबाईंनी वाटी खाली आपटली.

"तुह्यं नासलं म्हणून साऱ्याहीचं नासलं पायजे तुले?"

"माय, माह्यं एकटीचं नाही ते. डॉक्टरीणबाईनं तवाच सांगतलं होतं. मायचं अर्धं अन बापाचं अर्धं, दोन्ही मिळाल्याबिगर लेकराले ही बिमारी होत नाही."

श्रावण उठून उभा राहिला. त्याचा चेहरा काळवंडला होता. "मंग तवा काहून नाही सांगतलं?"

"तुमी चहा प्याले गेलते," चंद्रकला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच श्रावणला तो जास्त लागला. "अन घरी आल्यावर मायनं रजनीच्या लग्नाचं काढलं. मले वाटलं, माह्यावर राहू द्या, रजनीचं होऊन जाईन. पण ते होऊन जाईन तिथं बी हेच असंन, हे मले काल समजलं. आत्याबाईची पोट्टी काविळीनं नाही गेली."

पुष्पाआत्याने पिशवी उचलली. "माह्या घरात खोट काढाले बोलावलं होतं मले? कवडूदादा असता त हे ऐकलं नसतं मी ह्या घरात." आणि ती तरातरा निघून गेली. रजनी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या ओठाजवळ साखरेचे चार दाणे चिकटले होते. ती वहिनीला एकच गोष्ट म्हणाली, "तीन वर्षं तू हे माह्यासाठी ऐकून राह्यली होतीस?" मग मात्र तिला रडू आवरलं नाही.

त्या दिवशी वच्छलाबाई जेवल्या नाहीत. अंगणातल्या बाजेवर गुडघे पोटाशी घेऊन त्या बसून राहिल्या. दिवस कलल्यावर चंद्रकला पेमीला गोळी द्यायला आली, तेव्हा त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "त्या डॉक्टरीणीनं हातापायाच्या सुजेचं काही सांगतलं होतं?"

"हाव. तान्हेपणी पंजे सुजते म्हणे. हीच पयली खूण. पेमीचे सुजले होते ना."

"सुजले होते. म्या पाह्यले होते, अन मले तवाच धस्स झालं होतं." वच्छलाबाईंनी बाजेची सुटलेली दोरी बोटाला गुंडाळली. "माह्या दोघाहीचे बी असेच सुजले होते व. श्रावणच्या अगुदरचे दोघं. गुलगुल्यावानी फुगले होते इवले इवले हात... एक रांगता रांगता गेला, एक बसू बी नाही लागला. सासूनं म्हटलं, इचं दूध जहरी हाय. मंग श्रावण झाला त्याले म्या अंगावर घेतलंच नाही. शेजारणीनं पाजलं. इकडं माह्या छातीत दूध दाटून ताप चढे, तिकडं तो भुकेनं रडे, अन मी भिंतीकडं तोंड करून पडून राहो. तो जगला... मंग माह्यी बी खातरी पटली, का माह्यंच दूध जहरी होतं."

चंद्रकला बाजेशेजारी जमिनीवर बसली. एवढी वर्षं जे शब्द तिच्यावर फेकले जात होते, ते या बाईने आधी स्वतःच्या उरात ठेवले होते! तिचा राग विरघळला असं म्हणणं खरं होणार नाही; तीन वर्षांचा राग एका संध्याकाळी विरघळत नाही. पण त्या रागाच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं.

"उद्या जाऊ आपण," वच्छलाबाई म्हणाल्या. "पयले माह्यी करतीन जांच."

स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे दुसऱ्या दिवशी घरदार गेलं. बोटाला टोचायचं, काचेवर थेंब घ्यायचा, त्यात ताजं औषध मिसळायचं, वर पातळ काच ठेवून कडा व्हॅसलिनने बंद करायच्या आणि वाट बघायची. आतली हवा संपली की दोष असलेल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. वच्छलाबाईंनी बोट पुढे केलं तेव्हा त्यांचा हात जराही हलला नाही. श्रावणने मात्र डोळे गच्च मिटले, घामाघूम होऊन बाकावर आडवा झाला, आणि पेमी त्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, मुंगी चावल्यासारखं लागते, बस." तिच्या बोटांना अशा कित्येक मुंग्या चावून गेल्या होत्या. श्रावणने तिचा तो हात तोंडाशी घेतला आणि त्याला हुंदका फुटला.

वच्छलाबाईंच्या रक्तात दोष निघाला. श्रावणच्या निघाला. रजनीच्याही निघाला.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "या तपासणीत अर्धा दोष आणि पुरा आजार दोन्ही सारखेच दिसतात. तुम्हा तिघांचं हिमोग्लोबिन चांगलं आहे, कधी काही दुखलं खुपलं नाही, म्हणजे अर्धाच असणार. नागपूरला पुढची तपासणी करून खात्री करून घेऊ. तुमची लेकरं गेली म्हणता, तर तुमच्या मालकांतही हे असणार. श्रावणला एकीकडूनच मिळालं म्हणून तो जगला."

वच्छलाबाईंना बाकीचं कितपत कळलं कोण जाणे. त्यांनी हात जोडून एकच विचारलं, "डाक्टरसाहेब, मंग माह्यं दूध?"

"दुधाचा काय संबंध? दूध चांगलंच होतं, आजी."

वच्छलाबाईंनी मान हलवली. पायऱ्या उतरून त्या रस्त्यावर आल्या, शेजारच्या भिंतीला हात लावला आणि तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, पदरात तोंड घालून रडल्या... तीस वर्षांपूर्वी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या त्या बाईसाठी, जहरी म्हणून परत फिरवलेल्या त्या दुधासाठी. मग त्यांनी चाचपडत हात मागे केला. तो कोणाला शोधत होता हे चंद्रकलेला कळलं, आणि तिने आपला हात त्यात दिला.

आठवड्याने वामन एकटाच आला, आईला न सांगता. त्यानेही त्याच डॉक्टरांकडे जाऊन बोट पुढे केलं. त्याच्या काचेवरही विळे उमटले. तो रजनीसमोर अंगणात उभा राहिला आणि त्याने खिशातून संत्र काढून तिच्या हातावर ठेवलं. या वेळी ते न सोललेलं होतं. "तुले दुसरा चांगला भेटन," तो म्हणाला. "जांच केलेला पाहा मात्र." रजनी म्हणाली, "तू बी." एवढंच बोलणं झालं. तो गेल्यावर रजनी ते संत्र घेऊन आत आली, पेमीला मांडीवर घेतलं आणि एकेक शीर काढून फोडी तिला भरवू लागली. चंद्रकला दारात उभी होती.

"वहिनी, तू अशी पाहू नको," रजनी मान वर न करता म्हणाली. "रडाले येते मले, पण हे रडणं एकटीचं हाय. तू बोलली नसती त माह्या लेकराचं बी झालं असतं."

पुढच्या रविवारी पुन्हा मटण शिजलं. घर अजून उदासच होतं. श्रावण मान खाली घालून जेवत होता. पण सकाळी त्याने ओसरीवरचं अंथरूण गुंडाळून आत आणून ठेवलं होतं. पुढच्या लेकराचं काय, ते नागपूरच्या डॉक्टरीणबाईंना विचारायला या खेपेला दोघांनी मिळून जायचं होतं. चंद्रकला नेहमीसारखी चुलीपुढे बसली, तोच वच्छलाबाई म्हणाल्या, "भाकरी रजनी टाकंन. तू इकडं बस."

ती रांगेत येऊन बसली. वच्छलाबाईंनी पातेल्यातून नळी काढली. पेमीने सवयीने ताट पुढे सरकवलं.

"तुले नाही. आज तुह्या मायले."

नळी चंद्रकलेच्या ताटावर आपटली गेली. एकदा आपटून मगज निघेना, म्हणून वच्छलाबाईंनी पुन्हा आपटली, पुन्हा आपटली, आणि तो भातावर पडला तेव्हा त्यांचेच डोळे इतके भरले होते की तो पडलेला त्यांना दिसला नाही. त्या रिकामी नळी आपटतच राहिल्या.

"आला, माय. आला सारा," चंद्रकला म्हणाली.

मगज खाल्ल्याने रक्त वाढत नाही, हे तिला डॉक्टरीणबाईंनी कधीच सांगितलं होतं. तिने ताटाला लागलेला शेवटचा कणही बोटाने पुसून खाल्ला.